कात्री आधी खाली ठेवा

बोरिवलीच्या बाल्कनीतल्या कागदी लिंबाचे तुमचे फोटो पाहिले आणि माझा जुना पावसाळा आठवला. पानावर गोगलगाय फिरून गेल्यासारख्या चंदेरी, वेड्यावाकड्या रेघा, कडा आत वळलेल्या आणि खाली तुमचा प्रश्न: "व्हायरस आहे का? सगळे शेंडे कापून टाकते, चालेल ना?"

नाही चालणार. व्हायरस नाही, नागअळी आहे. बागायतदार पानं पोखरणारी अळी म्हणतात तीच. कुंडी, माती, ऊन यावर काही बोलत नाही. झाड एवढं वाढवलंत म्हणजे ते येतंच तुम्हाला. मी कीटकशास्त्रज्ञ नाही, बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, त्यामुळे पुढचं सगळं मुलुंडच्या एका गच्चीपुरतं आणि थोड्याफार वाचनापुरतं समजा.

माझी पाच लिंबं होती. रेघा दिसल्यावर एक फांदी पिशवीत घालून एका सरकारी कार्यालयात गेलो. नाव घेत नाही. पहिल्या खेपेला साहेब जेवायला गेलेले. दुसऱ्या खेपेला "नमुना सुकलाय, ताजा आणा". तिसऱ्या खेपेला ताजा नेला, तर त्याच्याकडे न बघताच सांगितलं, "रोगट भाग छाटा, युरिया टाका, नवी फूट जोमात येईल." फूट जोमात आली, यात वादच नाही. माझं सगळं नुकसान त्या जोमानेच केलं.

कारण या किडीचं सगळं पोट कोवळ्या पालवीवर चालतं. पतंग इतका बारीक की पंख पसरूनही ४ मिलिमीटरच्या आसपास. रुपेरी रंग, पंखांच्या टोकाला एक काळा ठिपका, आणि फिरणं रात्रीचं, त्यामुळे तुम्हाला तो दिसलाच नसणार. मादी कोवळ्या पानावर, बहुतेक मधल्या शिरेजवळ, एकेक करून अंडी घालते. एक मादी ५० च्या आसपास. अळी बाहेर आली की थेट पानाच्या पापुद्र्याखाली शिरते आणि तिथल्या पेशींचा रस पीत पुढे सरकते. ती चंदेरी रेघ म्हणजे तिने पोकळ केलेला रस्ता आणि त्याच्या मधोमध दिसणारी काळपट ओळ म्हणजे तिची विष्ठा. वाढ पुरी झाली की ती खाणं थांबवते, पानाची कड रेशमाने ओढून दुमडते आणि त्या घडीत कोषात जाते. तुमच्या तिसऱ्या फोटोतल्या वळलेल्या कडा त्याच. अंड्यापासून पतंगापर्यंत हवेप्रमाणे १३ ते ५२ दिवस लागतात. आपल्या मुंबईच्या उकाड्यात ५२ ची वाट कोण बघतोय?

आता माझी छाटणी बघा. बँकेतली खोड म्हणून कुंडीवार तारखा वहीत लिहीत होतो. दीड वर्षाने ती वही नीट वाचली तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. छाटल्यावर दोनेक आठवड्यांत पालवी यायची आणि मागच्या पिढीचे पतंग साधारण त्याच सुमारास बाहेर पडायचे. म्हणजे मी पाहुण्यांची वेळ विचारून पंगत मांडत होतो. त्यात पाचही कुंड्या वेगवेगळ्या दिवशी छाटलेल्या, म्हणजे गच्चीवर बारा महिने कुठे ना कुठे कोवळं पान हजर. वर कडी म्हणजे कापलेली पानं शेजारच्या कंपोस्टच्या ड्रमात, तोंड उघडं! दुमडलेल्या कडेतले कोष मी स्वतःच्या हाताने जपले. दोन वर्षं एक फूल नाही. दोन झाडं गेली, पण ती बहुधा युरियाने. अळीवर तो आळ नको.

पानं गोळा करून नष्ट करा, असं सांगणारे युरोपातले व्हिडिओ तुम्हालाही दिसतील. ते वेगळ्या किडीबद्दल असतात. तिकडे हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाची एक नागअळी आहे. १९८४ मध्ये मॅसेडोनियातल्या ओह्रिड सरोवराजवळ ती पहिल्यांदा नजरेत आली, पुढे युरोपभर पसरली आणि २००२ मध्ये लंडनला पोचली. तिचे कोष गळलेल्या पानांत हिवाळा काढतात, म्हणून तिकडे पाचोळा झाडून काढण्याला अर्थ आहे. आपली इथलीच. १८५६ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन झालं ते कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. अमेरिकेत, फ्लोरिडात, ती १९९३ मध्ये पोचली. तिला हिवाळ्याची पडली नाही, पालवीची पडली आहे.

मग करायचं काय? माझ्या मते, बरंचसं काही नाही. रेघोट्यांचं पान कुरूप दिसतं, पण त्याचा हिरवा भाग झाडाला जेवू घालतच असतो. ते राहू द्या. पान एकदा जून झालं की मादी त्याच्याकडे बघतही नाही. युरिया बंद. छाटणी करायचीच तर सगळ्या कुंड्यांची एकाच दिवशी, वर्षातून एकदा. नवी फूट पेराएवढी झाली की निंबोळी अर्क, संध्याकाळी, पानाच्या दोन्ही बाजूंना. अळी आत शिरल्यावर वरवरचा फवारा तिच्यापर्यंत पोचतच नाही. मुळातून शोषली जाणारी औषधं मिळतात, पण ज्या लिंबाचं सरबत नातवंडं पिणार त्याला मी ती देणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. शिवाय अळीच्या अंगावर वाढणाऱ्या अगदी छोट्या गांधीलमाश्या असतात, जोरदार फवारणीत आधी त्या मरतात.

एक अपवाद. रोप लहान असेल किंवा पानांवर पिवळ्या कडेचे खरबरीत फोड दिसत असतील तर दुर्लक्ष नको. तो खैऱ्या नावाचा रोग. अळीच्या रस्त्यांतून त्याचे जिवाणू सहज आत शिरतात, आणि पावसात तर फारच. फोडांची पानं मात्र काढा, कोरड्या दिवशी. आणि पानं कडेने कुरतडलेली असतील तर ते लिंबू फुलपाखराच्या सुरवंटाचं काम, त्याचा याच्याशी संबंध नाही.

जाता जाता: ही कीड बेलावरही येते, दोन्ही झाडं एकाच कुळातली. हे मी सोसायटीच्या सभेत बोललो आणि आमचे सेक्रेटरी आवारातला बेल तोडायला निघाले! १९७५ च्या वृक्ष कायद्याने परवानगी लागते म्हणून वाचला. आजी बेलाची पानं निवडताना किडीची पांढरी खूण असलेलं बाजूला काढायची, "चक्र आहे, महादेवाला नको" म्हणायची. बहुधा असंच काहीतरी पोखरलेलं असणार.

पुढची फूट आली की पान उलटं करून मधल्या शिरेजवळचा फोटो टाका. जुन्या पानांचे नकोत.