चुनखडीच्या जमिनीत टोमॅटोला 98 टक्क्यांचं ह्युमिक द्यावं की फुल्विक? त्यानं जमिनीचा पीएच उतरेल का?

उतरणार नाही. हे आधी सांगून टाकतो, कारण याच एका वाक्यावरून आमच्या घरात दोन महिने बोलणं बंद होतं.

ह्युमिक आणि फुल्विक ही दोन्ही कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतली द्रव्यं, पिकाच्या वाढीसाठी देतात. दुकानात ज्याला ह्युमिक ॲसिड म्हणून चकचकीत काळी खडी देतात ते ॲसिड नसतंच, ते पोटॅशियम ह्युमेट असतं. लिग्नाइट कोळशाचा हवापाण्यानं कुजत आलेला प्रकार म्हणजे लिओनार्डाइट. तो कॉस्टिक पोटॅश या तीव्र विम्ल रसायनात विरघळवून हा माल काढतात. त्यामुळे त्याच्या पाण्याचा पीएच 9-10 भरतो; 7 च्या खाली आम्ल, वर विम्ल, म्हणजे ॲसिडच्या उलट. नाव ॲसिड आणि स्वभाव विम्लधर्मी. माझ्या थोरल्या भावाचं म्हणणं, "नावातच ॲसिड हाय न्हवं? मग उतरंलच की." मी ग्लासात पट्टी बुडवून दाखवली. पट्टी निळी झाली. तो म्हणाला पट्टी जुनी आहे.

आमची द्राक्षबाग तासगाव भागात, जमीन तुमच्यासारखीच चुनखडीची, पीएच 8.2. पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबर छाटणी होऊन दीडेक महिना झालेला, लाईट दुपारी चारला जाणार. मी गावात गेलेलो. दादाला ह्युमिकही सोडायचं होतं आणि कॅल्शियम नायट्रेटही. दोनदा कोण ड्रम भरणार म्हणून त्यानं दोन्ही एकाच 200 लिटरच्या ड्रममध्ये ओतलं, काठीनं ढवळलं आणि व्हेंचुरी, म्हणजे ड्रममधलं खत ड्रिपच्या पाण्यात ओढणारं नळकांडं, चालू केली. मी आलो तेव्हा ड्रममध्ये काळं दूध नासल्यासारखं दिसत होतं. वर गढूळ पाणी, खाली लोळागोळा. कॅल्शियम भेटला की ह्युमिक असंच फुटतं, त्याची साय धरते. फिल्टर उघडला तर चकत्यांमध्ये ग्रीससारखा थर.

इथवर चूक झाली होती, पण निस्तरता आली असती. दादानं त्यावर उपाय म्हणून लाईनमध्ये फॉस्फोरिक ॲसिड सोडलं. ड्रिपरमधला क्षार काढायला आपण नेहमी सोडतो तेच. ह्युमिक विम्ल पाण्यात विरघळतं आणि आम्लात साकळतं, म्हणजे लाईनमध्ये जे थोडंफार वाहत होतं तेही जागच्या जागी बसलं. तीन दिवस आम्ही दोघं लॅटरलच्या, म्हणजे ओळीतल्या ड्रिपच्या बारीक नळ्यांच्या, शेवटच्या टोप्या काढून नुसतं पाणी सोडत बसलो. माझ्या विजारीवरचा तो डाग अजून आहे. सहा लॅटरल शेवटी बदलाव्या लागल्या.

आणि दोष कुणाला? मी आणलेल्या मालाला. "स्वस्तातलं आणलंस, म्हणून बसलं." आजही कुणाच्या लग्नात पंगतीला बसलो की दादा हा किस्सा सांगतो आणि त्यात कॅल्शियमचं नाव येत नाही.

आता तुमचे 98 टक्के. दुकानदाराला एवढंच विचारा, 98 टक्के काय? त्या खडीत पोटॅशच दहा टक्क्यांच्या आसपास असतं, वर ओलावा आणि राख. मग 98 टक्के ह्युमिक बसणार कुठं? तो आकडा बहुतेक वेळा पाण्यात किती विरघळतं याचा असतो. घरी बघायचं तर चिमूटभर खडी काचेच्या ग्लासात पाण्यात विरघळवा आणि वरून फॉस्फोरिक ॲसिडचे थेंब सोडत जा. हातमोजे घालून, आणि ॲसिड पाण्यात, पाणी ॲसिडात नाही. काळा चोथा खाली बसून वर पिवळसर पाणी राहिलं, तर चोथा ह्युमिक आणि त्या पिवळ्या पाण्यात फुल्विक. भरपूर ॲसिड पडूनही पाणी काळंच राहिलं, काही बसलंच नाही, तर साखर कारखान्यातली मळी नाहीतर कागद कारखान्यातलं लिग्नोसल्फोनेट तुम्हाला विकलंय असं समजा.

फुल्विकचे रेणू लहान, ते आम्लातही विरघळलेलं राहतं आणि क्षाराच्या जड पाण्यात ह्युमिकइतकं फुटत नाही. चुनखडीत लोह अडकून शेंडे पिवळे पडतात, तिथं सूक्ष्म अन्नद्रव्यांबरोबर फवारायला मी फुल्विकच घेईन. मुळाशी सोडायचं तर ह्युमिक, तेही वाफशावर, म्हणजे माती ना ओली ना कोरडी असताना, आणि एकटं. कॅल्शियम नायट्रेट दुसऱ्या दिवशी. 2021 पासून ही दोन्ही खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक म्हणून आली आहेत. ज्या पुड्यावर घटक, टक्के आणि बनवणाऱ्याचा पत्ता नीट नाही तो घेऊ नका, मग भाव कितीही असो.

पण ह्युमिकनं जमीन सुधारते, कर्ब वाढतो असं कुणी सांगितलं तर पाटीवर गणित मांडा. एका एकरातल्या वरच्या सहा इंच मातीचं वजन साधारण 9 लाख किलो. सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला तरी तो साडेचार हजार किलो झाला. त्यात तुमचं दोन किलो ह्युमिक! कर्ब शेणखतानं वाढतो, ताग गाडल्यानं वाढतो, छाटणीच्या काड्या न जाळता कुट्टी करून बागेतच टाकल्यानं वाढतो. काड्या जाळायच्या की नाहीत यावरून आमची वेगळी भांडणं आहेत, ती इथं नको.

त्या प्रकारानंतर दादानं महागडं फुल्विक आणलं आणि त्या वर्षीचा माल त्याच्यामुळं आला असं गावभर सांगितलं. त्याच वर्षी बागेत बारा ट्रॉल्या शेणखत पडलं होतं, ते तो विसरला. म्हणून पुढच्या हंगामात मी त्याला न सांगता, ह्युमिक-फुल्विक सोडायच्या वेळी तेवढ्यापुरते दोन ओळींचे कॉक बंद ठेवले. काढणीला त्या दोन आणि शेजारच्या दोन ओळींच्या पेट्या मोजल्या. तीन पेट्यांचा फरक पडला, तोही न दिलेल्या ओळींकडं.

दोन ओळींवरून सगळ्यांना शहाणपण शिकवू नये हे मलाही कळतं. 2014 साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जगभरच्या प्रयोगांची गोळाबेरीज केली होती, त्यात ह्युमिकनं शेंडा आणि मुळ्या दोन्हींची वाढ सरासरी वीसेक टक्के जास्त दिसली. त्यामुळे टोमॅटोच्या लावणीनंतरच्या आळवणीला, म्हणजे बुडाशी द्रावण ओतताना, रोपांना फायदा दिसेलही, आणि मी तुमच्या जागी असतो तर दोन सऱ्या सोडून बाकीच्यांना दिलं असतं. आणखी एक कबूल करतो. माझ्या त्या दोन ओळी गोठ्याच्या बाजूच्या होत्या. गोठा धुतलेलं पाणी त्यांनाच आधी मिळतं. दादा वाद घालताना हेच सांगतो, आणि आपण शेणाची बाजू घेतोय हे त्याच्या लक्षात येत नाही.