स्पेनमध्ये जुना हातविणीचा गालिचा घेताना अस्सल कसा ओळखायचा? आणि तो भारतात नेता येतो का?

तुम्ही लिहिलंय की बार्सेलोनातल्या एका दुकानात ‘कुएन्का (स्पेनमधलं गालिच्यांसाठी नावाजलेलं जुनं शहर), 17वं शतक, उत्तम अवस्था’ अशी चिठ्ठी लावलेला गालिचा तुमच्या मनात भरलाय, दुकानदार सोबत प्रमाणपत्र देतोय, आणि पुढे ठाण्याला परतताना तो बरोबर न्यायचा विचार आहे. त्यावर इथे कुणी तरी सल्ला दिलाय की चौरस इंचात गाठी किती ते मोजा, जितक्या जास्त तितका माल भारी. हे वाचलं आणि राहवलं नाही. मी माद्रिदला जुने गालिचे दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कारखान्यात काम करते, आणि हा गाठींचा हिशेब मी आमच्या घरातच इतकी वर्षं ऐकतेय की आता एकदा सविस्तर लिहूनच टाकते.

गाठी मोजणं हे इराणी गालिच्यांचं शास्त्र. तिथे ते बरोबर आहे, बारीक वीण म्हणजे तिथे खरंच कसब. पण स्पेनचा जुना गालिचा त्या मापाने मोजायला बसलात, तर संग्रहालयांनी काचेआड जपलेले तुकडे तुम्ही जाडाभरडा माल म्हणून परत कराल. इराणी काय, तुर्की काय, दोन्हीकडे गाठ दोन उभ्या धाग्यांवर बसते. जुनी स्पॅनिश गाठ एकाच उभ्या धाग्याला वेढा घालते, आणि तीही एक धागा सोडून. पुढच्या ओळीत आधी सुटलेले धागे घेतात. त्यामुळे पाठीकडून बघितलं तर भिंतीतल्या विटांसारख्या एकाआड एक सरकलेल्या गाठी दिसतात. या विणीत तिरकी रेघ अगदी स्वच्छ येते आणि सरळ उभी रेघ जराशी दातेरी. अष्टकोन, तारे, तिरके चौकोन या गालिच्यांवर इतके खुलतात त्याचं एक कारण ही गाठच आहे. गाठींच्या संख्येवरून यातलं काहीच कळत नाही.

माझे मोठे दीर बरीच वर्षं दुबईला होते. तिथे त्यांना गालिच्यांचा नाद लागला. घरात इराणमधल्या कूमचा आहे, नाईनचा आहे, कुठल्यात किती गाठी ते त्यांना तोंडपाठ. माद्रिदला आमच्याकडे आले तेव्हा म्हणाले, “चल, तुझ्या स्पेनमधला एखादा बघू.” मीही हौसेने घेऊन गेले. दुकान मोठं, नावाजलेलं. आल्या आल्या कॉफी, मग दोन माणसांनी मिळून एक लांबलचक गालिचा उलगडला. लाल जमीन, तिच्यावर ओळीने पानाफुलांच्या मोठाल्या माळा. अल्काराझ हे स्पेनमधलं गालिच्यांचं जुनं गाव, तिथल्या 16व्या शतकातल्या गालिच्यांची ही ठरलेली नक्षी. सोबत शिक्का मारलेला कागद, त्यावरही तेच शतक. दीर गुडघ्यावर बसले, खिशातून भिंग काढलं, गाठी मोजल्या आणि चेहरा असा खुलला की मला तेव्हाच धास्ती वाटली.

मी कोपरा उचलून उलटा केला आणि बोट फिरवलं. प्रत्येक गाठीचे दोन उंचवटे शेजारी शेजारी, आणि खालच्या ओळीत बरोबर त्यांच्याच खाली पुढचे दोन. म्हणजे दोन धाग्यांवरची गाठ. मग दशा हातात घेतल्या. पांढऱ्या, घट्ट पिळाच्या, सुती. अल्काराझच्या त्या काळातल्या गालिच्याचा उभा धागा लोकरीचा असतो. त्यानंतर काळा रंग बघितला, कारण तो सहसा फसवत नाही. गडद काळ्या-तपकिरी रंगासाठी जुने रंगारी लोखंडाचे क्षार वापरायचे, आणि ते लोकरीला वर्षानुवर्षं आतून खात राहतात. खऱ्या जुन्या गालिच्यावर हात फिरवला की काळ्या भागात बोट खाली उतरतं, कुठे कुठे लव पार गेलेली असते आणि नुसता ताणा-बाणा उरलेला असतो. इथे काळ्या रेघा लाल जमिनीइतक्याच उंच आणि भरगच्च.

मी मराठीतच सांगितलं, “दादा, फार तर शंभर वर्षांचा असेल. नक्षी जुनी आहे, गालिचा नाही.” विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पेनमध्ये जुन्या नक्षींच्या प्रती भरपूर विणल्या गेल्या. त्यातल्या कित्येक सुंदर आहेत, आमच्याकडे दुरुस्तीला येतात, मी प्रेमाने दुरुस्त करते. पण त्यांना 16व्या शतकाचा भाव द्यायचा नसतो. दिरांचं म्हणणं असं, की कागद आहे, दुकान नावाजलेलं आहे, गाठी दाट आहेत, आणि तू एक कोपरा बघून निकाल देतेस? वर, दुकानात उभं राहून त्यांच्या मालाला नावं ठेवणं शोभत नाही. घेतला त्यांनी. आजही दिवाणखान्यात आहे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला 16वं शतक म्हणून दाखवला जातो.

त्याच दुकानात मागे, गुंडाळ्यांच्या ढिगाखाली, एक अल्पुहाराचा गालिचा होता. ग्रानादाच्या दक्षिणेला, सिएरा नेवादाच्या उतारावर अल्पुहारा हा डोंगराळ भाग आहे. तिथल्या या विणीत गाठ नसतेच. जास्तीचा धागा वर ओढून त्याचे फासे ठेवतात आणि ते न कापता तसेच राहू देतात. मी घेतलेल्यात रंग दोनच, निळा आणि लोकरीचा मूळ पांढरट. मध्ये डाळिंबाचं झाड, दोन्ही बाजूंना सिंह. सिंहांचे पाय कमी-जास्त लांबीचे, एकाची शेपटी जागा पुरली नाही म्हणून पाठीवर वळवलेली. वरच्या काठाला ‘मारिया’ एवढंच नाव आणि 1836 साल, तेही फाशांतच विणलेलं, आणि नावातला आर चक्क उलटा. विणणारीला अक्षरं वाचता येत नसावीत, कुणी तरी कागदावर लिहून दिलेलं तिने बघून बघून उतरवलं असणार. तळाचं कापड हातकताईच्या जवसाच्या धाग्याचं, बोटाला जागोजागी गाठाळ लागतं. चारी बाजूंनी झालर, वेगळी विणून नंतर शिवलेली. हे गालिचे बहुतेक पलंगावर घालायला विणले जात, मुलीच्या लग्नाच्या सामानात जात. जमिनीवर पायाखाली येणं त्यांच्या नशिबी फार उशिरा आलं.

दुकानदाराने तो अगदी थोडक्यात दिला. दीर म्हणाले, “हे पायपुसणं कशाला घेतलंस?” आणि प्रत्येक दिवाळीला सगळ्यांसमोर विचारतात, “तुझ्या त्या स्पॅनिश गालिच्याच्या गाठी किती गं?” शून्य. फासे आहेत, गाठी नाहीतच. हे मी दर वर्षी सांगते.

त्यांचा दुसरा आवडता मुद्दा म्हणजे स्पेनला स्वतःची परंपराच नाही, सगळं अरबांकडून उसनं. कसब मुस्लिम विणकरांचं होतं हे शंभर टक्के खरं. अल्काराझ, लेतूर, लिएतोर इथे ख्रिस्ती राजवटीत राहिलेले मुस्लिम विणकर हे काम करत होते. पण ते पाहुणे नव्हते हो, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच होते. 1255 मध्ये कास्तिया या स्पेनमधल्या तेव्हाच्या राज्याची राजकन्या लिओनोर लंडनला सून म्हणून गेली, तेव्हा तिच्या महालात स्पेनच्या रिवाजाप्रमाणे जमिनीवरही गालिचे अंथरलेले पाहून तिथले लोक कुरकुरले होते. बर्लिनच्या इस्लामी कला संग्रहालयात 14व्या शतकातला एक स्पॅनिश गालिचा आहे. त्याच्यावर एक उंच झाड आहे आणि फांद्यांच्या टोकांना ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या कपाटांसारखे आकार. तो सिनेगॉगसाठी विणला असावा असं मानतात. 15व्या शतकात कास्तियाचे नौदलप्रमुख असलेल्या एन्रिकेस घराण्याची राजचिन्हं घातलेले लांबच लांब गालिचे विणले गेले, त्यातले काही पालेन्सियाच्या सांता क्लारा मठात होते. एक आज फिलाडेल्फियाच्या संग्रहालयात आहे. मुस्लिम हात, ज्यू आणि ख्रिस्ती मालक, आणि जगात दुसरीकडे कुठे न रुजलेली गाठ. याला उसनवारी म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढचं मात्र वाईट आहे. अल्पुहारातल्या मोरिस्कोंनी, म्हणजे सक्तीने बाटवलेल्या मुसलमानांनी, 1568 मध्ये बंड केलं. ते 1571 पर्यंत मोडून काढलं आणि माणसं कास्तियाभर विखरून टाकली. 1609 ते 1614 मध्ये तर सगळ्या मोरिस्कोंना देशाबाहेरच काढलं. विणकरांची किती तरी घरं त्यात गेली. पुढे 17व्या शतकापासून दोन धाग्यांवरची तुर्की गाठ इथेही सर्रास झाली.

आता तुमच्या कुएन्काकडे येते, कारण वरची गोष्ट वाचून तुम्ही पाठ उलटून दोनच उंचवटे शोधायला लागाल आणि ते चुकीचं होईल. 17व्या शतकातल्या कुएन्काच्या मालात एका धाग्याची गाठ सापडू शकते आणि दोन धाग्यांचीही. तेव्हा नुसत्या गाठीवर तो बाद करू नका आणि पासही करू नका. माद्रिदचा शाही गालिचा कारखाना, राजा फेलिपे पाचव्याच्या काळात 18व्या शतकात सुरू झालेला, चित्रकार गोयाने ज्याच्यासाठी चित्रं काढली तो, आजही मागणीप्रमाणे स्पॅनिश गाठीचे नवे गालिचे विणून देतो. म्हणजे एका धाग्याची गाठ हा वयाचा पुरावा होत नाही. एवढंच खरं, की 15व्या-16व्या शतकाचा अल्काराझ म्हणून कुणी दोन धाग्यांची गाठ दाखवली तर तिथून उठावं.

तुमच्या गालिच्यात मला सगळ्यात खटकतात ते ‘उत्तम अवस्था’ हे शब्द. साडेतीनशे वर्षं वापरलेली लोकर सगळीकडे सारखी उंच कशी राहील? झीज दिसली पाहिजे, आणि ती माणसं चालतात तिथे. रफू दिसलं पाहिजे. वेगवेगळ्या काळातली रफू असतील तर फारच उत्तम, आम्ही त्यांच्यावरून खूप काही वाचतो. लव बोटांनी फाकवून मुळाशी बघा. वर रंग उडालेला आणि मुळाशी भडक जांभळा-गुलाबी निघाला तर तो रासायनिक रंग, आणि रासायनिक रंग 1856 नंतरचे. उभ्या धाग्याचा सुटलेला तुसा दुकानदाराच्या परवानगीने जाळून बघा. लोकरीला केस जळल्याचा वास येतो, सुताला कागदाचा. हे करायला जो नाही म्हणतो त्याच्याकडून मी घेणार नाही.

प्रमाणपत्राबद्दल स्पष्टच सांगते. विकणाऱ्याने स्वतः दिलेला कागद म्हणजे पावती. मोठी रक्कम असेल तर विक्रीशी संबंध नसलेल्या जाणकाराचं लेखी मत घ्या, त्याचे पैसे द्या. मी दुरुस्ती करणारी आहे, किमती ठरवणं माझं काम नाही, म्हणून भाव योग्य की अयोग्य ते मी सांगत नाही. घेण्याआधी खरे तुकडे मात्र डोळ्यांखालून घाला. माद्रिदला आलात तर शोभेच्या कलांचं राष्ट्रीय संग्रहालय बघा, आणि तुमच्या तर हाताशी, बार्सेलोनाजवळच्या तेरासाला, खास कापडाचं संग्रहालय आहे. अल्पुहाराला फिरायला गेलात तर पांपानेइरात दुकानांबाहेर टांगलेल्या रंगीबेरंगी ‘हारापा’ दिसतील. त्या चिंध्यांपासून विणलेल्या सतरंज्या आहेत, आनंदाने घ्या, पण जुना अल्पुहारा गालिचा म्हणून कुणी गळ्यात मारू लागला तर घेऊ नका.

भारतात नेण्याबद्दल. स्पेनच्या 1985 च्या वारसा कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनी, वारशाच्या मोलाची वस्तू देशाबाहेर न्यायला परवाना लागतो. दुकानदार खरंच 17वं शतक म्हणत असेल तर हा परवाना काढून देण्याची जबाबदारी व्यवहारातच लिहून घ्या. “त्याची काही गरज पडत नाही” असं म्हणाला, तर एक तर तो तुम्हाला कायद्याच्या कचाट्यात टाकतोय, नाही तर गालिचा जुना नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. हा प्रश्न गाठी मोजण्यापेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे. दिरांनी तो विचारला नव्हता. त्यांचा गालिचा पंधरा दिवसांत घरपोच आला, परवान्याचा एक कागद न लागता, आणि तरी ते 16वं शतकच म्हणतात.

ठाण्याला न्यायचा असेल तर माझं मत नेऊ नका असंच आहे. पावसाळ्यातली दमट हवा आणि कसर, दोन्ही जुन्या लोकरीचे वैरी. न्यायचाच तर जमिनीवर अंथरू नका, कपाटात घडी करून ठेवू नका, गुंडाळून सुती कापडात ठेवा आणि दर महिन्याला उघडून पाठीमागून बघा. कसर दिसली तर प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये, मग हळूच साफ करायचा. डांबरगोळ्यांवर विसंबू नका.

तुमच्या गालिच्याच्या पाठीचा एक फोटो टाका, कोपऱ्याचा, अगदी जवळून, दशांसकट. दुसरा काळ्या किंवा गडद तपकिरी भागाचा, उजेड एका बाजूने तिरका पडेल असा. तेवढ्यावरून शतक सांगता येणार नाही, पण नाकारायचा असेल तर बहुतेक सांगता येईल.