रस्त्यावरचं भांडण आणि परदेशी पासपोर्ट

प्रश्न : मी मूळचा डिचोली तालुक्यातला. आजोबांच्या जन्मनोंदीवरून पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि आता इंग्लंडमध्ये, स्विंडनला एका गोदामात नोकरी करतो. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड आहे. चवथीला (गणेशचतुर्थीला) बायको-मुलाला घेऊन घरी आलो. भावाची गाडी घेऊन तिघे म्हापशाहून परतताना बुलेटवरच्या दोघांशी ओव्हरटेकवरून वाजलं. पुढे जाऊन त्यांनी बुलेट आडवी घातली. हेल्मेटने समोरची काच फोडली. मी उतरलो तर तेच हेल्मेट माझ्या डोक्यात घातलं. मी एकाला जोरात ढकललं, तो गटाराच्या कठड्यावर पडला. दोघेही शेजारच्या गावचे, मला ओळखणारे. "वच तुज्या पोर्तुगालाक" (जा तुझ्या पोर्तुगालला) असं ओरडत होते. त्याच रात्री पोलीस ठाण्यात गेलो, तर "मिटवून टाका" म्हणून दोन्ही बाजूंच्या एका कागदावर सह्या घेतल्या. आता पाच दिवसांनी निरोप आलाय की पडलेल्याच्या मनगटाचं हाड मोडलंय, दोन लाख द्या, नाहीतर चाकाच्या पान्याने मारलं अशी केस घालतो. दहा दिवसांनी मुंबईहून माझं विमान आहे. पैसे देऊन मोकळा होऊ का? विमानतळावर मला अडवतील का?

उत्तर : पैसे देऊ नका. उद्या सकाळी स्वतःची लेखी तक्रार घेऊन पोलीस ठाण्यात जा. तिकीट रद्द करण्याची आज तरी गरज नाही. कारणं जरा सविस्तर सांगतो, कारण परदेशी पासपोर्ट घेतलेली माणसं आता आपल्याकडे गावोगावी आहेत आणि अशा भांडणात आपलं सगळ्यांत जास्त काय पणाला लागतं याची बहुतेकांना कल्पना नसते.

तुम्हाला अटकेची भीती वाटते आहे. मला तुमच्या ओसीआय कार्डाची काळजी वाटते. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं त्या दिवशी भारतीय नागरिकत्व संपलं. आज तुम्ही कायद्याने परदेशी आहात आणि या मातीत हवं तेव्हा येण्या-राहण्याचा तुमचा आधार म्हणजे ते कार्ड. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्रीय गृहखात्याने अधिसूचना काढली. दोन वर्षं किंवा अधिक कैदेची शिक्षा झाली, किंवा सात वर्षं अथवा त्याहून जास्त शिक्षा असलेल्या गुन्ह्यात नुसतं आरोपपत्र दाखल झालं, तरी ओसीआय नोंदणी रद्द होऊ शकते. दुसरा भाग पुन्हा वाचा. तिथे शिक्षा व्हावी लागत नाही, खटला संपावा लागत नाही, आरोपपत्र पुरतं. रद्द करण्यापूर्वी तुमचं म्हणणं ऐकून घेणं नागरिकत्व कायद्याच्या कलम ७-ड प्रमाणे बंधनकारक आहे, तेवढा दिलासा आहे. पण कार्ड गेलं तर आईला भेटायला यायचं म्हटलं तरी व्हिसा मागावा लागेल, आणि तो द्यायचा की नाही हे सरकार ठरवेल.

आता हे मनगटाशी जोडून पाहा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ नुसार हाड मोडणं ही 'गंभीर दुखापत' आहे, आणि कलम ११७(२) खाली जाणूनबुजून गंभीर दुखापत करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बरोबर सात. म्हणजे भारतीय नागरिकाला जे प्रकरण वर्षानुवर्षांच्या तारखांचं डोकेदुखीचं काम वाटेल, तेच तुमच्या बाबतीत थेट कार्डावर येतं. आणि पान्याने मारलं असं लिहून दिलं तर कलम ११८(२) लागतं. त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाते आणि तो गुन्हा अजामीनपात्र आहे. निरोप पाठवणाऱ्याला हे कोणीतरी नीट समजावून सांगितलेलं दिसतं.

तुमची बाजू मात्र कमकुवत नाही. ११७ लागायला फक्त हाड मोडून भागत नाही. गंभीर दुखापत करण्याचा तुमचा हेतू होता, किंवा तशी दुखापत होण्याची शक्यता तुम्हाला माहीत होती, हे दाखवावं लागतं. डोक्यात हेल्मेट बसल्यावर समोरच्याला ढकलून दूर करणाऱ्याचा हेतू मनगट मोडण्याचा होता, हे म्हणणं टिकवायला सोपं नाही. त्याच्याही आधी येतो स्वसंरक्षणाचा हक्क, कलम ३४ पासून पुढे. स्वतःचं शरीर वाचवण्यासाठी गरजेपुरता बळाचा वापर हा गुन्हाच नाही. कलम ३७ त्याची मर्यादा घालतं : गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर हा हक्क नाही. 'गाडीत सुरक्षित बसला होता, उतरला कशाला?' हा प्रश्न समोरचा वकील नक्की विचारणार. काच फुटली होती, आत मूल होतं, हे त्याचं उत्तर आहे आणि ते तुमच्या पहिल्या तक्रारीतच असायला हवं. आणखी एक वाट कलम १२२(२) ची : गंभीर आणि अचानक चिथावणीमुळे गंभीर दुखापत झाली असेल तर शिक्षा पाच वर्षांपर्यंत. ती सातपेक्षा कमी आहे, आणि तुमच्यासाठी या फरकाला फार किंमत आहे.

म्हणून तक्रारीची घाई करायची. आतापर्यंत तुमच्याकडून कागदावर काहीच नाही. उद्या त्यांचा एफआयआर आधी नोंदला गेला तर तुमची खरी तक्रारही 'उलट केस' म्हणून वाचली जाईल. तक्रार लिहिताना बुलेट आडवी घालून वाट अडवली हे पहिल्या परिच्छेदात, ठळकपणे लिहा. नुसती मारहाण, म्हणजे कलम ११५(२), अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या परवानगीशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. तेवढंच लिहिलंत तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) नोंदवून तुमची बोळवण होईल. वाट अडवणं, कलम १२६(२), याची शिक्षा जेमतेम महिनाभराची, पण तो दखलपात्र गुन्हा आहे. आणि एका प्रकरणात एक जरी गुन्हा दखलपात्र असला तरी सगळं प्रकरण दखलपात्र धरलं जातं. काच फोडल्याचं नुकसान दुरुस्तीच्या अंदाजपत्रकासह लिहा. हेल्मेटचा हत्यारासारखा वापर, धमक्या, शिव्या, दोन लाखांचा निरोप कोणी, कधी, कुठल्या नंबरवरून दिला, हेही लिहा. पाच दिवस का लागले ते लपवू नका : त्या रात्रीच आलो होतो, मिटवायला सांगितलं, सही केली, आणि आता पैशांची मागणी आल्यामुळे तक्रार देतो आहे. यात कमीपणा काही नाही.

कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. नोंदवून घेतली नाही तर, तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे जिल्हा पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, आणि तरीही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. हे काम तुमच्या वकिलाला तुम्ही इथे असतानाच करू द्या, कारण सोबत तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल.

तुम्ही त्या रात्री खाजगी डॉक्टरकडे मलमपट्टी केली असेल तर तो कागद जपा, आणि तरीही म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात किंवा बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जाऊन जखम दाखवा. भरत आलेली जखमही किती दिवसांची असावी हे डॉक्टर नोंदवू शकतो. डॉक्टरला 'हेल्मेटने मारलं' असं स्पष्ट सांगा. केसपेपरवर जे पहिल्यांदा लिहिलं जातं ते पुढे कोर्टात फार बोलतं.

हीच गोष्ट समोरच्यालाही लागू आहे आणि माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिथेच आहे. मनगट दुखायला लागल्यावर तो जिथे पहिल्यांदा गेला असेल तिथल्या डॉक्टरने 'कसं लागलं?' विचारलं असणार. तिथे 'पडलो' असं लिहिलेलं असेल तर पान्याची गोष्ट नंतर रचलेली ठरते. तो कागद तुम्हाला मिळणार नाही, मागायलाही जाऊ नका. पण त्याच्या पहिल्या तपासणीचा केसपेपर आणि एक्स-रे तारखेसह ताब्यात घ्यावा, अशी विनंती तक्रारीत करा. आसपासच्या दुकानांचे, बारचे, पेट्रोलपंपाचे कॅमेरे असतील तर त्याचीही विनंती लगेच करा. ती चित्रफीत थोड्या दिवसांत पुसली जाते आणि मग कोणीच काही करू शकत नाही.

तुमच्या पत्नीने किंवा मागच्या गाडीतल्या कोणी मोबाईलवर काही टिपलं असेल तर तो फोन तसाच ठेवा. साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फाइल हाताशी असली की ते सोपं जातं. व्हॉट्सअॅपवरून फिरून आलेली, कापलेली फीत हा अर्धा पुरावा. आणि ती फेसबुकवर टाकू नका, भावालाही टाकू देऊ नका. आपल्याकडे रस्त्यावरच्या भांडणाचा व्हिडिओ तासाभरात 'गोंयकार विरुद्ध बाहेरचे' असा रंग घेतो, आणि त्याखाली तुमच्या नावाने कोणी लिहिलेली एखादी ओळ उद्या तुमच्याच विरुद्ध वापरली जाते.

आता त्या सह्यांच्या कागदाबद्दल. पोलीस ठाण्यात 'मिटलं' म्हणून सही केल्याने गुन्हा मिटत नाही, ना तुमच्या बाजूने, ना त्यांच्या. ११७(२) सारखा गुन्हा न्यायालयाच्या परवानगीनेच तडजोडीत जातो, किंवा पर्वरीच्या उच्च न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली दोन्ही बाजूंच्या संमतीने रद्द करून घेता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या ग्यान सिंग निकालात खाजगी स्वरूपाच्या वादांत ही वाट मान्य केली आहे. तडजोडीला माझा विरोध नाही. शेजारच्या गावचे लोक आहेत, आयुष्यभर तोंड पाहायचं आहे. पण ती वकिलांमार्फत आणि कोर्टासमोर व्हायला हवी. काजूच्या बागेत रोख मोजून दिलेले दोन लाख म्हणजे 'मारलं म्हणूनच दिले' याचा पुरावा, आणि एफआयआर दाखल न होण्याची हमी त्यात काहीच नाही. निरोप घेऊन येणाऱ्याशी वाद घालू नका. 'वकिलाशी बोला' एवढंच सांगा आणि मेसेज पुसू नका.

तुम्ही परदेशी आहात हे पोलिसांना तुमच्याकडे बघून कळणार नाही, नाव आणि बोली दोन्ही इथलीच. अटकेची वेळ आलीच तर ते तुम्हीच सांगायचं. १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ प्रमाणे आपल्या वकिलातीला कळवा असं म्हणण्याचा हक्क तुम्हाला आहे. कुलभूषण जाधव प्रकरणात भारत याच कलमावर आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये जिंकला. तुमची वकिलात पोर्तुगालची, ती पणजीत आहे. इंग्लंडमध्ये राहता म्हणून ब्रिटिश उच्चायोग तुमच्यासाठी येणार नाही. वकिलातीचे अधिकारी भेटतील, घरच्यांना कळवतील, पण सोडवून नेऊ शकणार नाहीत. अटकेची कारणं कळणं, वकिलाला भेटणं, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं जाणं, हे सगळं राज्यघटनेने 'व्यक्ती'ला दिलं आहे. त्यासाठी नागरिक असावं लागत नाही. "वच तुज्या पोर्तुगालाक" हे शब्द तुमच्या मनाला लागले आहेत, ते पत्रात दिसतं. त्या ओरडण्याला कायद्यात काही आधार नाही. हल्ला झालेली व्यक्ती म्हणून तुमचा दर्जा त्यांच्या बरोबरीचा आहे, तसूभरही कमी नाही.

पासपोर्ट कोणी मागितला तर झेरॉक्स द्या. मूळ पासपोर्ट जप्तीची लेखी नोंद घेतल्याशिवाय हातातून सोडू नका. जामीन देताना न्यायालय तो जमा करायला सांगू शकतं, ती गोष्ट वेगळी. इंग्लंडच्या लायसन्सवर गाडी चालवत होता आणि सोबत आंतरराष्ट्रीय परमिट किंवा जुनं चालू भारतीय लायसन्स नसेल, तर ते वकिलाला आधीच सांगा. पाच हजारांपर्यंतच्या दंडाची बाब आहे, पण समोरच्याकडून कोर्टात पहिल्यांदा ऐकायला मिळू नये.

विमानाबद्दल. नुसता एफआयआर कोणाला देशाबाहेर जाण्यापासून अडवत नाही. अडवते ती लुकआउट नोटीस, म्हणजे या माणसाला विमानतळावर थांबवा अशी सूचना, आणि ती तपासात हजर न राहणाऱ्या, वॉरंट चुकवणाऱ्या माणसावर निघण्याची शक्यता जास्त असते. गुन्हा ११७(२) चाच असेल तर तो जामीनपात्र आहे, जामीन हा तुमचा हक्क. ११८(२) लागल्याचं कळलं तर मात्र त्याच दिवशी सत्र न्यायालयात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनाचा अर्ज करायचा, म्हणून कागद आजच तयार ठेवा. संवेदनशील प्रकरणं सोडून एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर टाकला जातो. भावाला रोज पाहायला सांगा. त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस आली तर जा, वकिलाला बरोबर घेऊन जा.

आणि काहीच न आलं तर ठरल्या तारखेला निघा, पण गुपचूप नाही. तपास अधिकाऱ्याला लेखी कळवा : अमुक तारखेला नोकरीवर परतत आहे, हा स्विंडनचा पत्ता, हा फोन, हा ईमेल, हे माझे वकील, बोलावल्यास हजर राहीन. पोचपावती घ्या. वकालतनाम्यावर सही करून जा. व्हिडिओवरून जबाब आणि सुनावणीची सोय नागरिक सुरक्षा संहितेत कलम ५३० खाली आहे, तिचा अर्ज वकील करू शकतील. भावाला मुखत्यारपत्र देऊन फौजदारी प्रकरण निभावता येईल अशी समजूत असेल तर ती सोडा, आरोपीच्या जागी मुखत्यार उभा राहत नाही. गावच्या पत्त्यावर समन्स आलं आणि आईने ते घाबरून कपाटात ठेवलं, असंही घडतं. मग वॉरंट निघतं आणि पुढच्या चवथीला मोपा विमानतळावर उतरल्यावर पोलीस थांबलेले असतात. टपालाने किंवा पोलिसाच्या हाती आलेला प्रत्येक कागद त्याच दिवशी फोटो काढून वकिलाला पाठवायचा, एवढं घरच्यांना जाण्याआधी नीट सांगून ठेवा.