चारांतली दोन नावं

युद्ध थांबलं की युक्रेनमध्ये जमीन घेऊन शेतीची कंपनी काढावी का, सरकार कितपत पाठीशी उभं राहतं, असं तुम्ही विचारलंत. मी मूळचा बार्शीकडचा. युक्रेनच्या पोल्ताव्हा भागात सासऱ्यांसोबत शेती बघतो. योजनांची माहिती सरकारी पानांवर मिळेल, ती इथे सांगत नाही.

जमीन विकत मिळेल हे डोक्यातून काढा. शेतजमिनीचा बाजार 1 जुलै 2021 ला उघडला आणि 2024 पासून कंपन्यांनाही 10,000 हेक्टरपर्यंत घेता येते. पण परदेशी माणसाला, किंवा तो भागीदार असलेल्या कंपनीला, सार्वमत झाल्याशिवाय नाही. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याचं नाव सातबाऱ्यावर लागत नाही, तसंच समजा. तुमच्या हाती उरते ती खंडाची जमीन. ती गावातल्या म्हाताऱ्यांची असते. सामूहिक शेतं मोडली तेव्हा वाटणीला आलेल्या तुकड्यांना इथे ‘पाय’ म्हणतात. आमची 600 हेक्टर म्हणजे असे दीडशे करार. एकावरही माझं नाव नाही.

24 फेब्रुवारी 2022 ला युद्ध सुरू झालं आणि जमिनीच्या नोंदींचं सरकारी दफ्तर बंद झालं. तोंडावर पेरणी होती. मग कायदा आला आणि मुदत संपणारे खंडकरार नोंदणीशिवाय वर्षभर वाढले. त्या एका कायद्यानं ते वर्ष तरलं. पुढे राज्य कृषी नोंदवहीत नाव घालायची वेळ आली, कारण मदत तिथूनच वाटतात. तेव्हा कराराची तारीख एक, दफ्तरातली दुसरी. एका आजीच्या नावात एक अक्षर चुकलेलं. दुरुस्ती होईपर्यंत आजीच गेल्या. त्यांची वारस मुलगी पोलंडमध्ये. एवढं करून हेक्टरी 3100 रिव्न्याची मदत आली ती 120 हेक्टरपर्यंतच्यांना. आम्ही बाहेर.

मुलाचं अजून सलतं. मार्चमध्ये त्याला घेऊन मी सीमा ओलांडली. माझा पासपोर्ट भारतीय, मला कोणी अडवलं नाही. बायको पेरणीसाठी मागे राहिली. ऑगस्टमध्ये परतलो, तर तिकडच्या शाळेचा दाखला इथल्या शाळेनं मानला नाही. पोराला तीच इयत्ता पुन्हा. तळघरात मावतील तेवढीच मुलं वर्गात, बाकीची फोनवर. मराठी त्याला समजते, पण उत्तर तो युक्रेनीतच देतो.

एकटेपणाचं विचारलंत. सवय होते.

खरं सांगायचं ते वेगळंच. शेतीला ‘महत्त्वाचा उद्योग’ असा दर्जा मिळाला की भरतीच्या वयातले निम्मे कामगार सैन्यातून राखून ठेवता येतात. आमच्याकडे ट्रॅक्टरवाले चार. म्हणजे दोन नावं. सासऱ्यांचा हात थरथरत होता, म्हणून यादी मी लिहिली. कंबाइन कोणाला जमतं, कोणाची पोरं लहान आहेत, हे बघून मी दोन नावं घातली. माझं नाव त्या यादीत यायचा प्रश्नच नव्हता. ज्या दोघांची नावं मी लिहिली नाहीत, त्यांतला एक गेला तो परत आला नाही.

तुम्ही याल तर तुम्हालाही अशी यादी करावी लागेल. पाठबळ म्हणजे काय हे विचारलंत, म्हणून सांगितलं. जो परत आला नाही, त्याच्या बायकोचा चार हेक्टरांचा पाय आमच्याकडे खंडानं आहे. करार डिसेंबरात संपतो. नवा करायचा तर कायद्यानं किमान सात वर्षांचा. कागद घेऊन तिच्या दारात मलाच जायचं आहे.