वाचकांचे प्रश्न : दहा नावे पाठ, पण ओढ एकाचीही नाही

प्रश्न : मुलगा सात वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीत आहे. मकतबमध्ये (मशिदीतल्या धार्मिक वर्गात) शिकवलेली अशरा मुबश्शराची, म्हणजे प्रेषितांनी ज्यांना हयातीतच स्वर्गाची शुभवार्ता दिली त्या दहा साथीदारांची, नावे घडाघडा म्हणतो, पण त्यांतल्या कुणाबद्दल विचारले की गप्प. इस्लाम सोडावा म्हणून मालकाने हजरत बिलाल (रजि.) यांना तापलेल्या वाळूत झोपवून छातीवर दगड ठेवल्याचे सांगितले, तर रात्री दचकून उठला. काय करावे?
– एक आई, अंबाजोगाई

उत्तर : पाठांतर चालू द्या, पण नुसत्या यादीवर माया जडत नाही. महिनाभर एकच सहाबी, म्हणजे प्रेषितांचा एकच साथीदार घ्या. सुरुवातीला त्या यादीबाहेरचे हजरत सलमान फारसी (रजि.) बरे, कारण त्यांच्या गोष्टीत हाताने करण्यासारखे पुष्कळ आहे. रोज झोपताना सात-आठ मिनिटे पुरेत. गोष्ट रंगात आली की थांबा, म्हणजे उद्या तोच मागे लागेल.

सलमान इराणहून निघाले आणि वाटेत गुलाम म्हणून विकले गेले. सुटकेसाठी मालकाने 300 खजुराची झाडे आणि 40 औकिया (जुने वजनी माप) सोने मागितले. सहाबांनी कुणी तीस, कुणी वीस अशी रोपे आणून दिली. खड्डे सलमान यांनी खोदले आणि रोपे प्रेषितांनी (स.) स्वतःच्या हाताने लावली. हे सांगून झाले की मुलाच्या हातात खजुराच्या पाच-सहा बिया द्या. त्यांचा गर घासून पूर्ण काढायचा. तो राहिला की बुरशी धरते आणि बहुतेकांचे इथेच फसते. बिया दोन दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला. मग ओल्या कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात, घरातल्या उबदार जागी ठेवा. मोड यायला तीन ते आठ आठवडे लागतात. थंडीत रखडते, म्हणून फेब्रुवारीनंतर सुरू करा. या दिवसांत डबा उघडून बघताना मूल आपणहून विचारते, ‘पुढं काय झालं त्यांचं?’

पुढे खंदक. हिजरी 5 मध्ये (इ.स. 627) मक्केची फौज मदिनेवर आली. इतर बाजूंना खडक आणि खजुराच्या बागा होत्या, उत्तर मोकळी. तिथे खंदक खणायचा सल्ला सलमान यांचा, आणि खणायला स्वतः प्रेषितही उतरले. अंगणात मुलाला उडी मारायला लावा, जिथे पाय टेकले त्याच्या वीतभर पुढे खडूने रेघ ओढा. शत्रूचा घोडा खंदकापाशी का अडला, हे त्याला लगेच कळते.

बिलाल यांची गोष्ट उलटीकडून सांगा. मक्का विजयाच्या दिवशी काबाच्या छतावरून अजान देणारे बिलाल आधी, तापलेली वाळू नंतर आणि तीही एकाच वाक्यात. दगडाचा तपशील दहाव्या वर्षापर्यंत थांबू शकतो. प्रेषितांचे नातू हुसैन जिथे मारले गेले, त्या करबलाचेही तसेच. बिलाल हबशी, म्हणजे मूळचे आफ्रिकेतल्या इथिओपियाचे होते. निजामशाहीचे वजीर मलिक अंबरही हबशीच आणि त्यांची कबर खुलताबादला आहे, म्हणजे ही माणसे आपल्या मुलुखाला काही परकी नाहीत.

एक मात्र टाळा. मुलाने हट्ट केला की ‘सहाबा असं करत नव्हते’ म्हणून त्याला गप्प करणे. त्याने ती नावे बोलणी खाण्याशी जोडली जातात. चेहरे काढायचे नसतात, म्हणून चित्राला झाड, उंट, नकाशा, खंदक द्या.

प्रश्न : दहा वर्षांची मुलगी विचारते, सगळ्या गोष्टी पुरुषांच्याच का?
– परभणी

उत्तर : कारण आपणच तेवढ्या सांगतो. हिजरतच्या वेळी, म्हणजे मक्का सोडून मदिनेला जाताना, प्रेषित आणि त्यांचे साथीदार हजरत अबू बक्र सौर नावाच्या डोंगरातल्या गुहेत तीन रात्री लपून होते. शिदोरी बांधायला दोरी मिळेना, तेव्हा अबू बक्र यांच्या कन्या हजरत अस्मा (रजि.) यांनी आपला कमरपट्टा फाडून दोन केले. मुलीला भाकरीचे गाठोडे आणि पाण्याची बाटली एकाच पट्टीने बांधायला सांगा. जमत नाही म्हटल्यावर पट्टी का फाडली ते तिचे तिलाच सापडेल. मग प्रेषितांच्या पत्नी घ्या: हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार आणि दोन हजारांहून अधिक हदीस (प्रेषितांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी) सांगणाऱ्या हजरत आयशा (रजि.). या वयाच्या मुलींना कुणी काय काम केले, हे ऐकायला आवडते.

प्रश्न : प्रेषितांवर रोज कचरा टाकणाऱ्या म्हातारीची गोष्ट मुलांना सांगावी का?
– बीड

उत्तर : ती सगळीकडे छापली जाते, पण हदीसच्या प्रमाण संग्रहांत सापडत नाही. मूल मोठे होऊन शोधते आणि मग खऱ्या गोष्टींवरही शंका घेते. तिच्याऐवजी अबू उमैरची सांगा. या लहान मुलाचा पाळलेला पक्षी मेला, तेव्हा प्रेषित त्याच्याशी त्या पक्ष्याबद्दल लाडाने बोलले. ही बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही प्रमाण संग्रहांत आहे.