बाल्कनीचे ५० हजार आणि पॉलिसीचा एक लाख

पत्र थोडक्यात: चिंचवडचं नवं जोडपं. दोघांचा हातात येणारा पगार मिळून ८३ हजार. मेच्या शेवटच्या आठवड्यात मुंबई–गोवा–लक्षद्वीप अशी हनिमून क्रूझ केली. बाल्कनीच्या खोलीचे पैसे भरले होते, मिळाली बिनखिडकीची आतली खोली. समुद्र खवळल्यामुळे लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावर उतरवलंच नाही. तिकिटाचे १ लाख ७० हजार आणि जहाजावरची बिलं, फोटो, कपडे, मुंबईतलं हॉटेल मिळून क्रेडिट कार्डावर २ लाख ६० हजार चढले. एजंट आता पुढच्या वर्षीच्या क्रूझसाठी ६० हजारांचं क्रेडिट देतो म्हणतोय. मात्र ‘तक्रार नाही’ असं लिहून द्यायचं. घ्यावं, की ग्राहक आयोगात जाऊन पूर्ण पैसे मागावेत?

पत्राच्या शेवटी, सहज सांगावं तसं एक वाक्य: ‘कार्डाचं बिल फेडायला बँकेतून पर्सनल लोन घेतलं, त्याबरोबर एक पॉलिसीही झाली. दहाव्या अॅनिव्हर्सरीला तिच्यातून मोठी क्रूझ करू. बायकोला सरप्राइज आहे.’

उत्तर:

क्रूझचं नंतर बघू. तुमचं पत्र मिळालं तेव्हा पॉलिसी मेलवर येऊन १९ दिवस झाले होते, म्हणून पुढचा मजकूर त्याच दिवशी तुम्हाला कळवला. इथे छापतोय ते बाकीच्यांसाठी, कारण याच चालीचं हे या वर्षातलं माझ्याकडचं चौथं पत्र आहे.

तुम्ही कागद पाठवलेत ते बरं केलंत. कर्ज ३ लाख ७० हजार, १४ टक्के, चार वर्षं, हप्ता साधारण १० हजार १००. त्यातले २ लाख ६० हजार कार्डाला गेले. हा निर्णय बरोबर होता. महिना साडेतीन टक्क्यांनी कार्ड नुसत्या व्याजाचेच नऊ हजार खात होतं. पावणेनऊ हजार प्रोसेसिंग फी. आणि १ लाख? तो पॉलिसीचा पहिला हप्ता. म्हणजे १४ टक्क्यांनी उसने घेतलेले पैसे तुम्ही ‘गुंतवलेत’. ते फिटेपर्यंत या एका लाखाचे १ लाख ३१ हजार होतील.

आणि त्याचं मिळणार काय? बेनिफिट इलस्ट्रेशन नावाचा कागद बँकेतल्या साहेबांनी तुम्हाला शेवटच्या पानावर सहीपुरता दाखवला असणार. त्यात लिहिलंय: दहा वर्षं लाख-लाख भरा, पंधराव्या वर्षाअखेर १६ लाख घ्या. दहाचे सोळा ऐकायला छान वाटतं. वर्षाला पडतात जेमतेम साडेचार टक्के. हेच पैसे पीपीएफमध्ये टाकले आणि आजचा ७.१ टक्के दर टिकला, तर पंधरा वर्षांनी २१ लाखांच्या आसपास होतात. पाच लाखांचा फरक, म्हणजे सरप्राइज द्यायचंच असेल तर दोन क्रूझ.

शिवाय दहाव्या अॅनिव्हर्सरीपर्यंत या पॉलिसीत तुम्ही फक्त भरतच असाल. हातात रुपया येत नाही. ‘दहाव्या वर्षी क्रूझ’ हे वाक्य पॉलिसीच्या एकाही पानावर नाही, मी दोनदा पाहिलं.

विमा म्हणावा तर कव्हर आहे १० लाखांचं. तुम्ही २९ वर्षांचे, निर्व्यसनी, गावी आईवडील तुमच्या १० हजारांवर अवलंबून. तुम्हाला एक कोटीचा टर्म प्लॅन, म्हणजे बचत नसलेला निव्वळ विमा, लागतो आणि तो वर्षाला दहा-बारा हजारांत मिळायला हवा. पुढच्या वर्षीचा लाख कुठून आणणार होतात? महिन्याचे ८,३०० होतात. कर्जाचा हप्ता धरून १८ हजार, चिंचवडचं भाडं १८ हजार, गावाकडे १०. तुमच्या बचत खात्यात आज १४ हजार आहेत असं तुम्हीच लिहिलंय.

‘पॉलिसी घेतली तर लोन लवकर पास होतं’ असं सांगितलं म्हणता. कर्जाला पॉलिसीची अट घालता येत नाही. हे सांगणाऱ्यालाही ते पक्कं माहीत असतं. त्याच्या पॉलिसी विकायच्या टार्गेटचं तेवढं विचारू नका.

सुटका आहे. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांचा फ्री-लूक काळ असतो. तेवढ्यात विमा कंपनीला लेखी कळवायचं की अटी मान्य नाहीत, पॉलिसी रद्द करा. झालेल्या दिवसांच्या विमा संरक्षणाचा हप्ता, स्टॅम्प ड्यूटी आणि वैद्यकीय तपासणी झाली असेल तर तिचा खर्च कापून बाकी पैसे परत मिळतात. तुमच्या बाबतीत ९७ हजारांच्या आसपास धरा. मेल विमा कंपनीला करायचा, बँकेला नाही. पॉलिसी नंबर, कागद मिळाल्याची तारीख, ‘कॅन्सल्ड’ लिहिलेला कोरा चेक जोडायचा, आणि तक्रार क्रमांक मिळेपर्यंत पाठ सोडायची नाही.

ते ९७ हजार सगळेच्या सगळे कर्जात भरण्याचा मोह होईल. गणित तेच सांगतं, पण मी तसं सांगणार नाही. ४० हजार बाजूला ठेवा, नाहीतर उद्या गाडीचं इंजिन बसलं की पुन्हा कार्ड बाहेर येईल. उरलेले कर्जात भरा आणि हप्ता तोच ठेवा. आठ-नऊ हप्ते कमी होतात. आधी सँक्शन लेटरमध्ये, म्हणजे कर्जमंजुरीच्या पत्रात, पार्ट-पेमेंटचा (काही रक्कम मुदतीआधी भरण्याचा) दंड आणि ते कधीपासून करता येतं ते बघा. काही बँका पहिलं वर्ष परवानगीच देत नाहीत. तसं असेल तर तोवर एफडी.

आता क्रूझ. अगत्तीचं विसरा. तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही, प्रवाशांना लहान बोटींतून नेतात. समुद्र उसळला की कप्तान नाही म्हणतो, आणि तसा अधिकार तिकिटाच्या अटींत त्याला दिलेला असतो. १ जूनपासून आपल्या किनाऱ्यावर मासेमारी बंद होते. त्याच्या आदल्या आठवड्याचं तिकीट स्वस्त का होतं, ते आता कळलं असेल. पूर्ण पैसे परत मिळतील ही आशाही सोडा. पाच रात्री राहिलात, जेवलात, फोटोही काढलेत.

खोलीची गोष्ट मात्र वेगळी. व्हाउचरवर बाल्कनी, किल्लीच्या कार्डावर आतल्या खोलीचा नंबर. दोन्ही तुमच्याकडे आहेत. दोन्हींच्या भाड्यातला फरक तुमच्याच कोटेशनप्रमाणे ५० हजार. तेवढे रोख मागा, वर मनस्तापाचे थोडे. ६० हजारांचं क्रेडिट वापरायला तुम्हाला आणखी लाखभर घालावे लागतील, तेही वर्षाच्या आत, कर्ज डोक्यावर असताना. सही करू नका. आधी एजंट आणि जहाज कंपनी दोघांना लेखी नोटीस, मग १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार, आणि तरी हलले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्याच आयोगात दाखल करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांची मुदत आहे. म्हणजे याला घाई नाही. घाई पॉलिसीची आहे.

मेल गेला की तासाभरात बँकेतून फोन येईल. ‘सर, थोडं थांबा, मी वरती बोलतो, सोमवारी भेटू.’ असे दोन सोमवार गेले की ३० दिवस संपतात. फोन उचला, गोड बोला, मेल मागे घेऊ नका.

आणि पॉलिसीत नॉमिनीच्या रकान्यात बायकोचं नाही, आईचं नाव आहे. फॉर्म लग्नाआधीच्या केवायसीवरून भरलेला दिसतो. पॉलिसीचं ते सरप्राइज आज रात्रीच फोडा. खोलीचा नंबर चुकलाय हे चेक-इनच्या रांगेत तुमच्या बायकोनेच पकडलं होतं, असं तुमच्या पत्रात आहे. पॉलिसीचे कागदही तिलाच वाचायला द्या.