कोकणात पावसाळ्यात कॅनव्हास सैल पडतो, तर पाचरी ठोकाव्यात का? आणि कोपरे सुबक कसे दुमडायचे?

जुलैत पाचरी, म्हणजे चौकटीच्या आतल्या कोपऱ्यांत बसवलेले ते लाकडी तुकडे, अजिबात ठोकू नका. ते ठोकले की चौकट रुंदावते आणि कापड ताणलं जातं. तुम्ही लिहिलंय की घर देवगडला, चित्र तैलरंगातलं 24 × 30 इंची, मे महिन्यात ताठ होतं, आता मधोमध पोट सुटलंय आणि फ्रेमवाला म्हणतो "चार ठोके मारून देतो". या चार ठोक्यांवरून माझे बऱ्याच फ्रेमवाल्यांशी वाद झालेत, म्हणून कोपरे नंतर.

प्राइम केलेल्या, म्हणजे रंगाआधी अस्तर चढवलेल्या, जुन्या पद्धतीच्या कॅनव्हासला ताठ धरतो तो मुख्यतः त्यात मुरवलेला सरस, म्हणजे प्राण्यांच्या कातड्या-हाडांचा गोंद. कोरड्या हवेत तो आखडतो आणि कापड खेचून धरतो. हवा दमट झाली की पाणी पिऊन मऊ पडतो, पकड सोडतो. आर्द्रता 80 टक्क्यांच्या बरीच वर गेली की आणखी वेगळंच होतं: सूत फुगतं, वीण आवळते आणि कापड स्वतःच आखडू लागतं. वरचा रंग त्याच्यासोबत आखडत नाही, म्हणून पोपडे सुटतात. किनाऱ्यावर जुलैत हवा या दोन्ही अवस्थांत ये-जा करते. अशात पाचरी ठोकून चौकट दोन मिलिमीटर रुंद केली, की दिवाळीनंतर सरस परत आखडतो आणि चौकट मात्र रुंदच राहते. जादा ताण कोपऱ्यांवर येतो, तिथून तिरके तडे जातात. मग दोष रंगाला देतात!

मागून पाणी शिंपडा हा सल्लाही त्याच जातीचा. कोऱ्या कापडावर ठीक, रंगवलेल्या चित्रावर मूर्खपणा. दिवाळीनंतर पंधरा दिवस थांबा. बहुतेक पोट आपोआप ओढलं जाऊन सपाट होईल. नाही झालं तर प्रत्येक पाचरीला हलका एक ठोका, चारही कोपऱ्यांत सारखा. ठोकताना चौकटीची पट्टी आणि कॅनव्हासमध्ये पुठ्ठा सरकवा. आणि आधी सांधे बघा. सुताराने फेविकॉल लावून खिळे मारले असतील तर सांधा उघडणारच नाही, पाचरी शोभेच्याच.

नवीन चौकट करायची तर साग किंवा शिवण, पूर्ण वाळलेली. आंबा पिळतो आणि त्याला कीड लागते. सावंतवाडीच्या खेळण्यांचा पांगारा इतका मऊ की स्टेपलची पीन धरणार नाही. पट्टीची आतली कड रंध्याने उतरती करून घ्या, नाहीतर चित्रावर चौकटीची रेघ उमटते. 30 इंचांच्या पुढे मधे आडवी पट्टी हवीच. सुताराच्या गुण्यावर (काटकोन्यावर) विसंबू नका, दोन्ही कर्ण मोजा, सारखे भरायला हवेत.

कापड 10 ते 12 औंसांचं. मांजरपाट सरावापुरतं. दीड इंच जाड पट्टीला चारी बाजूंनी तीन-तीन इंच जास्त, म्हणजे तुमच्या मापाला 30 × 36. धागा पट्टीला समांतर ठेवा. तो तिरका गेला की कोपऱ्यात सुरकुती येते आणि मग कितीही ओढा, जात नाही. आधी चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पीन, समोरासमोर. मग दोन-दोन इंचांवर, आळीपाळीने समोरची बाजू घेत कोपऱ्यांकडे. ढोलकीसारखा वाजला पाहिजे म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कोऱ्या कापडाला जेसो, म्हणजे रंगाआधीचं पांढरं अस्तर, लावल्यावर ते आणखी ताणतं, आणि आधीच कमाल ओढलेलं असेल तर चौकटच पिळते.

कोपरे: शेवटची पीन कोपऱ्यापासून तीन इंच अलीकडे थांबवा. उभ्या बाजूचं कापड कोपऱ्यावरून आडव्या पट्टीच्या माथ्यावर वळवून सपाट दाबा, पीन मारा. वर जी त्रिकोणी जीभ उरते तिची घडी कोपऱ्याच्या धारेला अचूक जुळवा, चमच्याच्या पाठीने दाबा आणि मागे ओढून पक्की करा. घडी वर-खाली येते, डावी-उजवी बाजू स्वच्छ दिसते. घडी जाड वाटली तरी कात्री लावू नका. कापलेला कोपरा पुन्हा ताणताना कामातून जातो.

स्टेपल गन कुठलीही घ्या. पिना मात्र स्टेनलेस स्टीलच्या, 10 मिलिमीटरच्या. साध्या पिना खाऱ्या हवेत गंजतात आणि गंज कापडाला खातो.

हो, वरचं सगळं सरस लावलेल्या सुती किंवा लिनन कॅनव्हासबद्दल आहे. रेडीमेड पॉलिएस्टर इतकं हलत नाही. ॲक्रिलिक जेसोवालं सैल पडतं, पण तडे कमी. चित्राचे पोपडे आधीच सुटत असतील तर पाचर, पाणी, इस्त्री काहीच नको, ते जाणकाराकडे न्या. आणि चित्र पश्चिमेकडच्या चिऱ्याच्या भिंतीवर असेल तर आजच उतरवा. पावसाचा मारा तिथेच बसतो. आतल्या भिंतीवर लावतानाही मागे चारही कोपऱ्यांना अर्ध्या इंचाचे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागून हवा फिरेल.